काकूच्या कामाचे कागद आणि ३१० कोटी अक्षरं

"काकाने काकूच्या कामाचे कागद कात्रीने कराकरा कापले." लहानपणी हे न अडखळता दहा वेळा म्हणायची पैज लागायची. हल्ली मी हेच वाक्य नव्या मुलांना जीनोमचं काम समजावताना वापरते. वाक्यातच सगळं आहे: कागद, कात्री आणि जिकडेतिकडे तेच ते 'का'.

या वाक्याच्या पन्नास झेरॉक्स काढायच्या. प्रत्येक प्रत वाटेल तिथे कापायची, तीन-चार अक्षरांचा एकेक कपटा होईल अशी. सगळे कपटे पिशवीत घालून हलवायचे आणि मूळ वाक्य न बघता ते परत जुळवायचं. 'त्रीनेक' असा कपटा हाती आला तर नशीब, तो एकाच जागी बसतो. नुसता 'का' आला तर? तो वाक्यात सात ठिकाणी आहे. आणि मूळ शब्द 'कराकरा' होता की 'कराकराकरा', हे तीन अक्षरी कपट्यांवरून कळायला मार्गच नाही.

माणसाच्या जीनोमचंही असंच होतं. जीनोम म्हणजे पेशीतला सगळा डीएनए: ए, सी, जी आणि टी या चार अक्षरांत लिहिलेला सुमारे ३१० कोटी अक्षरांचा मजकूर. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाचेल असं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही. आज सर्वाधिक वापरात असलेल्या यंत्रांत डीएनएचे तुकडे घालतात आणि यंत्र प्रत्येक तुकड्याच्या टोकाची साधारण दीडशे अक्षरं वाचून देतं. प्रत्येक अक्षर सरासरी ३० वेळा वाचून व्हावं असं ठरवलं, तर ३१० कोटी गुणिले ३० भागिले १५०, म्हणजे एका माणसामागे ६२ कोटी कपटे. या कपट्याला आमच्याकडे 'रीड' म्हणतात.

यंत्राचं काम इथे संपतं. 'अमुक जनुकात बदल सापडला', 'तमुक जनुक औषधानंतर दुप्पट चालायला लागलं' असं आपण बातमीत वाचतो, ते काही यंत्राने छापून दिलेलं नसतं. कपट्यांवरून कुणीतरी हिशेबाने काढलेलं असतं. हिशेबात प्रश्न दोनच: कपटा कुठला, आणि कपटे किती. पहिला ऐकायला अवघड, पण तो आता बऱ्यापैकी सुटलाय. दुसरा ऐकायला बालवाडीतला, आणि तिथेच भलेभले घसरतात.

आधी कच्चा माल बघू. यंत्राकडून येणाऱ्या फाइलला फास्टक्यू म्हणतात. तीत प्रत्येक रीडच्या चार ओळी असतात. पहिलीत रीडचं नाव, दुसरीत अक्षरं, तिसरीत नुसतं अधिकचं चिन्ह आणि चौथीत मांजर कीबोर्डवरून चालून गेल्यासारखी चिन्हांची रांग. ही चौथी ओळ मला सगळ्यात आवडते, कारण तीत यंत्राने स्वतःच्या शंका लिहिलेल्या असतात. दुसऱ्या ओळीतल्या प्रत्येक अक्षराखाली एक चिन्ह, आणि चिन्ह सांगतं की हे अक्षर चुकीचं असण्याची शक्यता किती. मोजपट्टी अशी की १० म्हणजे दहात एक चूक, २० म्हणजे शंभरात एक, ३० म्हणजे हजारात एक. आकड्यांऐवजी एकेक चिन्ह वापरलं की जागा वाचते. आता गंमत बघा: या लिपीत प्रश्नचिन्ह म्हणजे ३०, म्हणजे 'मला चांगली खात्री आहे'. आणि उद्गारचिन्ह म्हणजे शून्य, 'मला काहीच कळलेलं नाही'. नवा माणूस फाइल उघडतो, प्रश्नचिन्हांची रांग बघतो आणि घाबरतो. घाबरायचं असतं ते उद्गारचिन्हांना.

रीडच्या शेवटाकडे ही खात्री हळूहळू घसरते. कारण यंत्र एकटा रेणू वाचत नाही, एकाच तुकड्याच्या शेकडो प्रतींचा पुंजका एकदम वाचतं. कवायतीत सगळ्यांची पावलं आधी बरोबर पडतात, मग एखादा मागे राहतो, एखादा पुढे जातो आणि शंभराव्या पावलाला गोंधळ दिसायला लागतो, तसंच हे. म्हणून पहिलं काम म्हणजे शेपट्या छाटणं.

आता कपटा कुठला, हे शोधायचं. माणसाच्या बाबतीत एक सोय आहे. मूळ वाक्याची एक प्रत, म्हणजे रेफरन्स जीनोम, आपल्याकडे तयार आहे. प्रत्येक रीड त्यात कुठे बसतो एवढंच बघायचं. पण ६२ कोटी कपटे एकेक करून ३१० कोटी जागांवर ठेवून बघायचे म्हटलं, तर आपल्या हयातीत काम व्हायचं नाही.

इथे शब्दकोशाची युक्ती कामी येते. काकूच्या वाक्यातल्या प्रत्येक अक्षरापासून शेवटपर्यंतचा मजकूर एकेका चिठ्ठीवर लिहा आणि सगळ्या चिठ्ठ्या अकारविल्हे लावा. 'का'ने सुरू होणाऱ्या सातही चिठ्ठ्या आता शेजारीशेजारी आल्या. 'काक' म्हटलं की त्यातल्या दोन उरतात, 'काकू' म्हटलं की एक. एकेक अक्षर वाढवत गेलं की गठ्ठा भराभर बारीक होतो. वाक्य किती लांब आहे याने फारसा फरक पडत नाही, कपटा किती लांब आहे याने पडतो. हीच यातली खरी किमया.

अडचण एवढीच की ३१० कोटी चिठ्ठ्या साध्या संगणकाच्या मेमरीत मावत नाहीत. १९९४ साली मायकेल बरोज आणि डेव्हिड व्हीलर यांनी फाइल दाबून लहान करायची एक पद्धत मांडली. मजकुराची अक्षरं अशा हुशारीने उलटीपालटी करायची की ती कमी जागेत बसतील आणि हवा तेव्हा मूळ मजकूर परत काढता येईल. २००० साली पाओलो फेराजिना आणि जोव्हानी मान्झिनी यांनी दाखवलं की अशा दाबलेल्या मजकुरात, तो न उलगडताही शोध घेता येतो. आणि २००९ मध्ये बोटाय आणि बीडब्ल्यूए या दोन प्रोग्रॅम्सनी तीच युक्ती जीनोमला लावली. बोटाय जेमतेम १.३ जीबी मेमरीत तासाला अडीच कोटी छोटे रीड्स बसवून द्यायचा. फाइली लहान करायला काढलेल्या युक्तीवर आज जगभरच्या जीनोम प्रयोगशाळा चालतात.

रीड्स बसवून झाले की प्रत्येक जागेवर ३०-एक अक्षरांची चळत तयार होते. चळतीत सगळीकडे जी आणि रेफरन्समध्ये ए, तर इथे बदल आहे. निम्मे ए, निम्मे जी, तर एक प्रत आईकडून आणि वेगळी वडिलांकडून आलीय. तिसात दोनच जी असतील, तर ती बहुतेक यंत्राची चूक, आणि मग चौथ्या ओळीतल्या शंका उपयोगी पडतात. कोरोनाचं काम या मानाने सोपं होतं, कारण त्या विषाणूचा सगळा मजकूर सुमारे ३० हजार अक्षरांचा. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल एकत्र सापडल्याची बातमी आली आणि 'डबल म्युटंट' हा शब्द घरोघरी पोचला. तेही अशा चळती बघूनच ठरलं होतं.

पण 'का' सात ठिकाणी बसतो त्याचं काय? काहीच नाही. प्रोग्रॅम प्रामाणिकपणे शून्य खात्री लिहून मोकळा होतो. माणसाच्या जीनोमचा जवळपास निम्मा भाग असा परत परत येणाऱ्या मजकुराचा आहे. म्हणूनच २००३ साली 'पूर्ण' म्हणून जाहीर झालेल्या जीनोममधला सुमारे ८ टक्के भाग खरा भरला तो २०२२ मध्ये, हजारो अक्षरं सलग वाचणारी यंत्रं आल्यावर. 'कराकरा'चा प्रश्नही केवळ भाषेचा नाही. हंटिंग्टन या मेंदूच्या आजारात एका जनुकात सीएजी ही तीन अक्षरं पाठोपाठ किती वेळा आली यावर सगळं ठरतं. २६ पर्यंत असतील तर काळजी नाही, ४० किंवा जास्त असतील तर आजार होणार.

रेफरन्सबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तो 'मानवजातीचा' जीनोम वगैरे नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात १९९७ साली वर्तमानपत्रात जाहिरात देऊन रक्तदाते मिळवले गेले. आजही सर्रास वापरात असलेल्या रेफरन्सचा सुमारे ७० टक्के मजकूर त्यांच्यातल्या एकाच माणसाचा आहे. आपले कपटे आपण त्या माणसाच्या वाक्यावर बसवून बघतो. त्याच्यापेक्षा आपल्याकडे जे फार वेगळं आहे ते नीट बसत नाही आणि बाजूला पडतं. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एमवायबीपीसी३ या जनुकातली २५ अक्षरं गळालेली माणसं दक्षिण आशियात शंभरात सुमारे चार आहेत. इतरत्र ती क्वचितच दिसतात. असल्या गोष्टी कळण्यासाठी आपल्या लोकांचे जीनोम वाचावेच लागतात. जीनोम इंडिया प्रकल्पातल्या १० हजार जणांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली, ती फरिदाबादच्या डेटा केंद्रात आहे.

आता दुसरा प्रश्न, माझ्या रोजच्या डोकेदुखीचा: कपटे किती?

यकृतातल्या पेशीत आणि डोळ्यातल्या पेशीत डीएनए एकच असतो. फरक असतो तो कुठलं जनुक किती चालू आहे याचा. जनुक चालू झालं की त्याच्या आरएनए प्रती निघतात. त्या प्रती गोळा करायच्या, पुन्हा डीएनएच्या भाषेत उतरवायच्या, तुकडे करायचे, वाचायचे आणि कुठल्या जनुकावर किती रीड्स पडले ते मोजायचं. या पद्धतीला आरएनए-सीक म्हणतात. २००८ च्या सुमारास ती रुळायला लागली.

बसवण्याचा भाग इथे जरा चमत्कारिक होतो, कारण आरएनए तयार होताना मधले भाग कापून टाकले जातात. स्नायूंच्या डिस्ट्रॉफिन जनुकाचा पसारा २२ लाख अक्षरांचा. कापाकापी होऊन, ७९ तुकडे जोडून जी प्रत निघते ती फक्त १४ हजार अक्षरांची. म्हणजे एकाच रीडची पहिली साठ अक्षरं इथे आणि उरलेली नव्वद हजारो अक्षरं पलीकडे. 'स्टार'सारखे प्रोग्रॅम अशा उड्या ओळखतात. 'कॅलिस्टो' आणि 'सामन' तर नेमकी जागा शोधायच्या भानगडीतच पडत नाहीत. हा कपटा कुठल्या कुठल्या आरएनएचा असू शकतो एवढं बघतात आणि वाटणी संभाव्यतेने करतात. लॅपटॉपवर काम मिनिटांत होतं.

मग समोर येतो तक्ता. उभ्या ओळीत सुमारे २० हजार जनुकं, आडवे नमुने, प्रत्येक चौकटीत एक आकडा. मी ज्या तक्त्यावर शिकले, आणि आज शिकवते, तो २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दम्याच्या एका अभ्यासातला आहे. चार जणांच्या श्वासनलिकेच्या स्नायूपेशी घेतल्या, प्रत्येकाच्या पेशींचे दोन भाग केले. एका भागाला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलं, दुसऱ्याला नाही. आठ नमुने. प्रश्न साधा: औषधाने कुठली जनुकं वरखाली झाली?

नवखा माणूस लगेच आकडे शेजारीशेजारी ठेवतो. इकडे ४००, तिकडे ८००, म्हणजे दुप्पट. पण दुसऱ्या नमुन्यात यंत्राने एकूण रीड्सच दुप्पट वाचले असतील तर? बरं, एकूण बेरजेने भागलं, की झालं? तरीही नाही.

एसटीचं उदाहरण घ्या. गाडीत जागा पन्नास. रोज गावातून वीस शेतकरी, वीस विद्यार्थी आणि दहा इतर चढतात. एक दिवस लग्नाच्या वऱ्हाडाने तीस जागा अडवल्या. उरलेल्या वीस जागांत आठ शेतकरी, आठ विद्यार्थी, चार इतर. फक्त गाडी बघणारा म्हणेल की गावातले शेतकरी निम्म्याहून कमी झाले. गाव तसंच आहे, फक्त वऱ्हाड आलंय. सिक्वेन्सिंगचं, म्हणजे रीड्स वाचायचं, यंत्र म्हणजे अशी ठरावीक जागांची गाडी. दोन-चार जनुकं अफाट वाढली की बाकीची सगळी खाली गेल्यासारखी दिसतात.

यावर सायमन अँडर्स आणि वोल्फगँग हूबर यांनी २०१० मध्ये डीईसीक या पद्धतीत जो तोडगा वापरला, तो मला फार देखणा वाटतो. प्रत्येक जनुकाचा या नमुन्यातला आकडा, भागिले त्याच जनुकाची सगळ्या नमुन्यांतली सरासरी. असे वीस हजार भागाकार करा, चढत्या क्रमाने लावा आणि बरोबर मधला उचला. बहुतेक जनुकं बदललेली नसतात, त्यामुळे मधला माणूस वऱ्हाडातला नसतो. तो जितका मोठा दिसतो तितकी ही गाडी मोठी. त्याने सगळ्यांना भागा. वऱ्हाड कितीही मोठं असो, मधल्याला त्याचं सोयरसुतक नाही. अट एकच: निम्म्याहून जास्त गाव बदललेलं नसावं. ती अट मोडणारे प्रयोग असतात, आणि तिथे ही पद्धत बिनदिक्कत चुकीचं उत्तर देते.

पुढचा खड्डा नैसर्गिक चढउताराचा. एकाच माणसाच्या पेशी, तीच वेळ, तेच औषध, तरी दोनदा मोजलं तर आकडे वेगळे येतात. काही जनुकं शांत, काही लहरी. शांत जनुक १०० वरून १५० वर गेलं तर ती बातमी, लहरी जनुकाचं तेवढं रोजचंच. पण कुठलं किती लहरी, हे चार नमुन्यांवरून कसं ठरवणार? नव्या फलंदाजाने पहिल्या तीन डावांत ४०, ४१ आणि ३९ धावा केल्या म्हणून तो यंत्रासारखा नियमित खेळतो असं आपण म्हणत नाही, कारण आपण इतर शेकडो फलंदाज पाहिलेले असतात. डीईसीक२ आणि एजआर हे प्रोग्रॅमही हेच करतात. एकेका जनुकाचा लहरीपणा मोजताना, साधारण तेवढाच आकडा असलेल्या इतर जनुकांकडून अंदाज उसना घेतात आणि टोकाची उत्तरं त्या अंदाजाकडे ओढतात. एकट्या जनुकाबद्दल माहिती तुटपुंजी असली, तरी वीस हजारांची मिळून भरपूर असते.

आणि मग २० हजार जनुकांची एकेक परीक्षा. योगायोगाने चूक व्हायची शक्यता वीसात एक ठेवली, तर औषधाऐवजी नुसतं पाणी घातलं असतं तरी हजार जनुकं 'बदललेली' निघाली असती. योआव बेंजामिनी आणि योसेफ हॉकबर्ग यांनी १९९५ मध्ये सुचवलेली दुरुस्ती वेगळा प्रश्न विचारते: मी जी यादी छापणार आहे, तिच्यात शंभरातली साधारण किती नावं खोटी चालतील? पाच म्हणा, आणि यादी त्या हिशेबाने कापा. दम्याच्या अभ्यासात अशी कापून ३१६ जनुकं उरली.

एवढं सगळं करूनही सगळ्यात मोठी चूक होते ती गणिताच्या आधी, टेबलावर. २०१४ साली माणूस आणि उंदीर यांच्या अवयवांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास आला. त्यात निघालं की माणसाचं हृदय उंदराच्या हृदयापेक्षा माणसाच्याच यकृताच्या जास्त जवळ आहे. उत्क्रांतीच्या अभ्यासकांना धक्काच बसला. पुढच्या वर्षी योआव गिलाड आणि ओर्ना मिझराही-मान यांनी मूळ फाइली काढल्या आणि रीड्सच्या नावांकडे पाहिलं. हो, त्याच पहिल्या ओळीकडे, जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. रीड कुठल्या यंत्रावर, कुठल्या मार्गिकेत वाचला गेला हे तिथे लिहिलेलं असतं. माणसाचे आणि उंदराचे बरेचसे नमुने वेगवेगळ्या फेऱ्यांत वाचले गेले होते. तो परिणाम वजा केल्यावर हृदय हृदयाजवळ आणि यकृत यकृताजवळ आलं. मूळ लेखकांना हे मान्य झालं नाही, वाद झाला. पण तेव्हापासून मी नवा डेटा आला की आधी पहिली ओळ वाचते.

दुसरी एक सवय मला ठेच लागून लागली. एका कामात निकाल विचित्र येत होते आणि मी आठवडाभर कोडमध्ये चूक शोधत बसले. शेवटी एका सिनिअरने विचारलं, "अगं, एक्सआयएसटी बघितलंस का?" एक्सआयएसटी हे जनुक साधारणपणे बायकांच्या पेशींत जोरात चालतं, पुरुषांच्या जवळजवळ नाही. 'पुरुष' अशी चिठ्ठी असलेल्या एका नमुन्यात ते ठणठणीत होतं आणि वाय गुणसूत्रावरची जनुकं गप्प. दोन नळ्यांवरची लेबलं उलटी लागली होती. कोड निर्दोष होता!

एक्सेलचंही सांगूनच टाकते. एसईपीटी२ किंवा एमएआरसीएच१ अशी जनुकांची नावं एक्सेलमध्ये टाकली की ते त्यांना २ सप्टेंबर आणि १ मार्च करून ठेवायचं. शोधनिबंधांना जोडलेल्या कित्येक तक्त्यांत जनुकांच्या जागी तारखा छापून आल्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल बदलण्यापेक्षा माणसाची जनुकं बदलणं सोपं पडलं.

त्या ३१६ जणांच्या यादीत डीयूएसपी१, पीईआर१ असे ओळखीचे चेहरे होते. स्टिरॉइडला ही जनुकं दाद देतात हे आधीपासून माहीत होतं, म्हणजे हिशेब रुळावर होता. पण सीआरआयएसपीएलडी२ नावाचं एक फारसं कुणी न अभ्यासलेलं जनुकही वर आलं होतं. लेखकांनी ते नुसतं छापून सोडलं नाही. वेगळ्या पद्धतीने त्याचा आरएनए मोजला, मग प्रथिनही मोजलं. दोन्ही औषधाने वाढलेलं होतं. मग पेशींत ते जनुक दाबून टाकलं आणि दाह पेटवणारा रेणू सोडला. आयएल६ आणि आयएल८ हे दाहाचे दोन संदेशवाहक आणखी उसळले. औषध ज्या जनुकाला जागं करतं, ते दाह आवरायला हातभार लावतं असं त्यातून दिसलं. तक्त्यातल्या एका ओळीपासून तिथपर्यंतचं सगळं काम पिपेट आणि नळ्यांचं होतं.